वाचकांचे प्रश्न : परदेशातील जोडीदाराकडे जाताना विमानाचे तिकीट

प्रश्न : माझे लग्न गेल्या डिसेंबरमध्ये झाले. पती जर्मनीतील श्टुटगार्ट येथे नोकरी करतात आणि मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. कुटुंबासोबत राहण्याच्या व्हिसासाठी माझा अर्ज दाखल झाला आहे, परंतु निर्णय आलेला नाही. माझा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असून मी अद्याप राजीनामा दिलेला नाही. तिकिटे महाग होत असल्यामुळे ती आताच काढावीत असे पतींचे म्हणणे आहे. सासूबाईंनी जुलैमधील दोन चांगल्या तारखा काढून दिल्या आहेत. परतीचेही तिकीट असावे आणि ते आपण भेट द्यावे, अशी माझ्या वडिलांची इच्छा आहे. एका एजंटाने पुणे–दिल्ली आणि दिल्ली–जर्मनी अशी दोन स्वतंत्र तिकिटे स्वस्त पडतील असे सुचवले आहे. मी नेमके काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तिकीट आता काढू नका. पतींची घाई समजण्यासारखी आहे, पण तुमच्या प्रवासाची तारीख व्हिसा ठरवणार आहे आणि त्यानंतर तुमचा नोटीस पिरियड. दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसाच्या निर्णयाला काही आठवडे किंवा काही महिनेही लागू शकतात, आणि त्या अर्जासाठी पैसे भरून काढलेले पक्के तिकीट लागत नाही. व्हिसा पासपोर्टवर लागल्यानंतर राजीनामा, राजीनाम्यानंतर कंपनीकडून कार्यमुक्तीची लेखी तारीख आणि त्यानंतर तिकीट, असा क्रम ठेवा. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड पाहता तिकीट शोधायला तुम्हाला पुरेसा अवधी आपोआपच मिळेल. मात्र व्हिसा वापरण्याची मुदत त्या तीन महिन्यांत संपत तर नाही ना, हे राजीनामा देतानाच तपासा आणि गरज असल्यास कार्यमुक्ती लवकर मिळावी यासाठी कंपनीशी आधीच बोलून ठेवा.

तिकिटाचे भाडे पाहताना पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर थांबू नका. सर्वांत स्वस्त भाड्यात बहुधा तारीख बदलण्याची सोय नसते, रद्द केल्यास मूळ भाडे परत मिळत नाही आणि काही कंपन्यांच्या बाबतीत तर चेक-इनच्या बॅगेचाही त्यात समावेश नसतो. ‘तारीख बदलण्यास शुल्क नाही’ असे लिहिलेले असले तरी नव्या तारखेचे भाडे जास्त असेल तर त्यातला फरक भरावाच लागतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात उशिरा येते. म्हणून दोन तिकिटांची तुलना करताना भाडे, बॅग आणि तारीख एकदा बदलण्याचा खर्च या तिन्हींची बेरीज करून पाहा. तुमच्यासारख्या, सगळे घर आवरून निघणाऱ्या व्यक्तीची तारीख हलण्याची शक्यता पर्यटकापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे थोडे महाग परंतु तारीख बदलता येणारे तिकीट मला तुमच्यासाठी योग्य वाटते. तिकीट रद्द करण्याची वेळ आलीच, तर मूळ भाडे परत न मिळणाऱ्या तिकिटावरही शासकीय कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळण्याचा हक्क भारतीय नियमांनी दिला आहे. कंपनी किंवा एजंट ते आपणहून देत नसेल तर लेखी मागणी करा.

व्हिसा हाती आल्यावर त्यावरील ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन तारखा, पासपोर्ट क्रमांक आणि नावाचे स्पेलिंग घरातील दोन जणांनी वेगवेगळे वाचावे. ‘पासून’च्या तारखेआधी तुम्हाला जर्मनीत प्रवेश मिळणार नाही. प्रवासाच्या आरोग्य विम्याची सुरुवातही प्रवेशाच्या तारखेशी जुळली पाहिजे, त्यामुळे तिकिटाची तारीख हलवली तर विमा कंपनीलाही कळवावे लागेल.

तारखेबाबत आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण पुण्याच्या प्रवाशांची चूक इथे सहज होते. मुंबईहून युरोपकडे जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर निघतात. तिकिटावर १५ जुलै, ००:५५ असे छापलेले असेल, तर तुम्हाला पुण्याचे घर १४ जुलैला दुपारीच सोडावे लागते, आणि १५ तारखेच्या संध्याकाळी निघालेल्या माणसाचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. म्हणून तिकीट हाती येताच घरातील सर्वांना विमानाची तारीख सांगण्याऐवजी घरातून निघण्याची तारीख, वार आणि वेळ सांगा. सासूबाईंनी काढलेल्या तारखांचा मेळही याच हिशेबाने घाला, म्हणजे तो चांगला दिवस घर सोडण्याचा आहे की विमानात बसण्याचा, हे त्यांना आधीच विचारून घ्या. आणि दोन्ही तारखा जमल्याच नाहीत, तर मुहूर्तावर प्रस्थान ठेवून सोयीच्या दिवशी निघण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. ती सुचवल्यास त्यांच्या भावनेचाही मान राहील आणि व्हिसाच्या तारखेशी ओढाताणही होणार नाही.

आता मार्गाचा विचार करू. पुण्याहून युरोपला थेट विमान नाही. लुफ्थान्साने २००८ मध्ये सुरू केलेली पुणे–फ्रँकफुर्ट सेवा आता बंद आहे. तुमच्यापुढे मुख्यतः दोन पर्याय उरतात : मोटारीने मुंबईला जाऊन तिथून थेट फ्रँकफुर्ट किंवा म्युनिक, अथवा पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीमार्गे. एजंटाने सुचवलेली दोन स्वतंत्र तिकिटे मात्र घेऊ नका. एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर, पुणे–दिल्ली–फ्रँकफुर्ट असा प्रवास असेल तर पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकल्यास पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर असते, बॅगा सामान्यतः शेवटच्या ठिकाणापर्यंत जातात आणि सामानाची आंतरराष्ट्रीय मर्यादा पुण्यापासूनच लागू होते. स्वतंत्र तिकिटांमध्ये यातले काहीच गृहीत धरता येत नाही. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे १५ किलो सामानच मोफत असते, त्यामुळे संसाराच्या दोन जड बॅगांवर पुणे–दिल्ली टप्प्यासाठीच जादा वजनाचे पैसे भरावे लागतील आणि एजंटाने दाखवलेली बचत तिथेच संपेल. दिल्लीत विमान चुकले तर नवे तिकीट तुमच्याच खर्चाने येईल, ते वेगळेच.

मला तुमच्यासाठी मुंबई–फ्रँकफुर्ट हे थेट विमान अधिक बरे वाटते. जुलैमध्ये खंडाळ्याच्या घाटात पावसाने वाहतूक खोळंबते, म्हणून विमानाच्या वेळेआधी किमान आठ तास कोथरूडहून निघावे. विमानतळावर दोन तास बसून राहावे लागले तरी चालेल. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले असल्यामुळे आता ‘मुंबई’ एवढेच वाचून भागत नाही, तर तिकिटावर कोणता विमानतळ छापला आहे हे पाहूनच गाडीवाल्याला सांगावे. फ्रँकफुर्टहून श्टुटगार्टपर्यंत वेगवान रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तास लागतो आणि लुफ्थान्सा हा रेल्वेचा टप्पा विमानाच्या तिकिटातच जोडून देते. तरीही पहिल्या प्रवासात, सगळे सामान सोबत असताना, पतींनी फ्रँकफुर्टला घ्यायला यावे असे मी सुचवीन. तुम्ही ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसमार्गे गेलात तर पासपोर्टची तपासणी त्या पहिल्या शेंगेन, म्हणजे समान व्हिसा असलेल्या युरोपीय देशांपैकी एकाच्या, विमानतळावरच होते, म्हणून तिथे विमान बदलायला किमान अडीच-तीन तास हाताशी ठेवा. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसले तर ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम तुमच्या व्हिसाला कसे लागू होतात हे तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

तुलना करताना एक बाब सहसा विसरली जाते. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार, मुंबईहून युरोपीय कंपनीच्या विमानाने निघालात आणि कंपनीच्या दोषामुळे मुक्कामी तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचलात, तर एवढ्या अंतरासाठी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. भारतातून निघणाऱ्या बिगर-युरोपीय कंपनीच्या विमानाला हा नियम लागू होत नाही. तिकीट कोणी विकले याला इथे महत्त्व नाही, विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालवते ते पाहिले जाते.

परतीच्या तिकिटाबाबत वडिलांची काळजी मला मोलाची वाटते, पण तिचे उत्तर कदाचित वेगळे आहे. तुम्ही तिथे राहायला जात असल्यामुळे एकेरी तिकीट चालते. काही कंपन्यांचे एकेरी भाडे दुहेरी भाड्याच्या जवळपास जाते, म्हणून दोन्ही दर पाहावेत, आणि फरक किरकोळ असेल तर तारीख बदलता येणारे दुहेरी तिकीट जरूर घ्यावे. मात्र असे तिकीट बहुधा एका वर्षातच वापरावे लागते. शिवाय जर्मनीत पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी करून, व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो आणि परवान्याचे कार्ड हाती येईपर्यंत वेळ जातो. दरम्यान व्हिसा संपला आणि दिवाळीसाठी म्हणून तुम्ही भारतात आलात, तर योग्य कागद हाती असल्याशिवाय जर्मनीत पुन्हा प्रवेश मिळणार नाही. त्यामुळे परतीची तारीख तिकीट काढताना अंदाजाने टाकून नंतर तिच्यावर विसंबून राहणे योग्य नाही.

माझी सूचना अशी, की वडिलांनी परतीच्या भाड्याची रक्कम तुमच्या स्वतःच्या नावावरील खात्यात ठेवावी. ती एका वर्षात बाद होणार नाही आणि केव्हाही, कोणालाही न विचारता, घरी येण्यासाठी तुम्हाला वापरता येईल. त्या खात्याचे कार्ड परदेशात चालेल अशी सोय निघण्यापूर्वी करून घ्या. परदेशात राहायला गेल्यावर निवासी बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यात बदलावे लागते, याचीही बँकेत चौकशी करा. तुमचा पासपोर्ट कायम तुमच्याच ताब्यात असावा आणि त्याच्या व विवाह प्रमाणपत्राच्या प्रती माहेरीही ठेवाव्यात. हे मी कोणत्याही संशयापोटी लिहीत नाही. नव्या देशात जाणाऱ्या प्रत्येकाने, स्त्री असो वा पुरुष, एवढी तजवीज करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकिटावरील नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. आपल्याकडे पासपोर्टमध्ये स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडलेले असते आणि लग्नानंतर विवाह प्रमाणपत्रावर किंवा आधारवर आडनाव बदललेले असू शकते. व्हिसा ज्या पासपोर्टवर लागला आहे, त्यातील नाव आणि आडनाव या रकान्यांत जे आहे तेच जसेच्या तसे तिकिटावर घाला, आणि नाव बदलायचेच असेल तर ते काम या प्रवासानंतर करा. पती जर्मनीतून स्वतःच्या कार्डाने पैसे भरणार असतील तर कार्डधारक प्रवास करत नसताना ती कंपनी कार्डाची पडताळणी मागते का, हे पाहून घ्या. परतावा आला तर तो त्याच कार्डावर जातो, हेही ध्यानात असू द्या. एजंटाकडून तिकीट घेतल्यास सहा अक्षरांचा पीएनआर मिळाल्यावर समाधान मानू नका, १३ आकडी ई-तिकीट क्रमांक मागा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो स्वतः तपासा.

सामानाविषयी थोडक्यात. युरोपच्या साध्या भाड्यात बहुधा २३ किलोची एकच बॅग येते, आणि दुसरी बॅग लागणारच असेल तर ती काउंटरवर घेण्यापेक्षा आधी ऑनलाइन घेणे स्वस्त पडते. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य व मांसजन्य पदार्थ नेण्यास मनाई असल्यामुळे साजूक तूप आणि पेढे घरीच राहू द्या. हापूस आंबेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतात आणि विमान कंपन्या त्या काढून टाकायला लावतात. मसाले, भाजणी, मेतकूट यांची पाकिटे नावे लिहून, घट्ट बंद करून खुशाल न्या. दागिने हातातील बॅगेत ठेवा आणि पुढे ते परत आणताना प्रश्न उद्भवू नये म्हणून निघताना भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते, त्याचा लाभ घ्या.

प्रश्न : माझी पत्नी अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि मला एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा मिळाला आहे. एकेरी तिकीट चालेल का? अबू धाबीमार्गे शिकागोला जावे की युरोपमार्गे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : एच-४ व्हिसावर एकेरी तिकीट चालते. अबू धाबीत अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते, त्यामुळे शिकागोला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. परंतु त्यासाठी अबू धाबीत दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवावेत. युरोपमार्गे गेल्यास तपासणी शिकागोला होते, आणि तिथून पुढे दुसऱ्या शहरात जायचे असेल तर सामान्यतः बॅगा शिकागोला ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून दीड तासाच्या अंतराने पुढचे विमान देणारे तिकीट नाकारावे. पुढचा टप्पा असल्यास तोही त्याच पीएनआरवर घ्या. पत्नीच्या आय-७९७ मंजुरीपत्राची प्रत आणि विवाह प्रमाणपत्र हातातील बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.