शंका-समाधान : मुऱ्हे, मिशा आणि वाहतं पाणी

प्रश्न : मुळशीकडच्या ओढ्यात दोन इंची मासा मिळाला. अंगावर गडद पट्टे, मिशा आठ. सगळे नुसतं ‘मुऱ्हे’ म्हणतात. नेमकी जात कोणती?

उत्तर : तळाशी चिकटून राहणाऱ्या मिशाळ माशांना सरसकट मुऱ्हेच म्हणतात. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्सनेही १८३९ मध्ये पुण्याच्या एका जातीला ‘कोबायटिस मूरे’ हे नाव दिलं ते याच शब्दावरून.

मासा काचेच्या पेल्यात घ्या आणि मिशा पुन्हा मोजा. तोंडाभोवती सहा आणि उरलेल्या दोन नाकपुड्यांवर असतील, शेपटी गोलसर असेल, तर तो इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डीच्या गटातला. त्या दोन खऱ्या मिशा नव्हेतच, नाकपुडीची वाढलेली कातडी आहे. या गटातून अलीकडे सह्याद्रीतल्या नव्या जाती वेगळ्या केल्या गेल्या, त्यामुळे फोटोवरून यापुढे जाऊ नये. जादा मिशा खालच्या ओठाशी दिसल्या तर डोळ्याखाली काटा शोधा. तो असला की लेपिडोसेफॅलिक्थिस. (हाच काटा जाळीत अडकतो, म्हणून मासा भांड्याने उचलावा.) सहाच मिशा, शेपटीला खाच आणि बुंध्याशी उभी काळी रेघ असेल तर शिस्टुरा डेनिसोनी. बुंध्यावर वरच्या बाजूला काळा ठिपका असेल तर साइक्सचा मूरे.

प्रश्न : ३६ × १५ × १५ इंची टाकी आहे, अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष) शून्य. तरी एप्रिलपासून मुऱ्हे एकेक करून मरतात, तेही पहाटे. पाणी ३१ अंश.

उत्तर : ‘पहाटे’ या शब्दातच उत्तर आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात रात्री वनस्पतीही तो वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. डबक्यातला मासा हे सोसतो, खळाळातला नाही.

वाळू-गोटे वजा जाता टाकीत साधारण ११० लिटर पाणी राहतं. तासाला ११०० ते १२०० लिटर ढकलणारा पॉवरहेड (टाकीत बुडवायचा छोटा पंप) लावा आणि तोंड असं वळवा, की पृष्ठभाग सतत हलला पाहिजे. शोषनळीवर स्पंज हवाच, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. पाण्यावर वारा येईल असा छोटा पंखा लावला की तापमान दोन-तीन अंश उतरतं; आटलेलं पाणी क्लोरीन काढून रोज भरा. लक्ष्य २२ ते २६ अंश. गोटे आधी काचेवर टेकवा, मग वाळू पसरा. वाळूवर ठेवलेला गोटा मुऱ्हे खालून पोखरतात आणि तो त्यांच्याच अंगावर बसतो. वर जाळीचं झाकण घाला, उड्या मारतात.

प्रश्न : मासा खातो भरपूर, पण पोट खपाटीलाच. खाणं वाढवू का?

उत्तर : नको, आधी आतड्यातल्या जंतांचा संशय घ्या. लेव्हॅमिसोल हे जंतनाशक लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तास, दिवे बंद ठेवून (उजेडाने औषध निकामी होतं). नंतर तळ स्वच्छ करून निम्मं पाणी बदला आणि तीन आठवड्यांनी हाच डोस पुन्हा द्या. दुसरा डोस चुकवू नका, अंड्यांवर औषध चालत नाही.