एपीआयचे डॉक्युमेंटेशन ही कारकुनी नव्हे

सप्रेम नमस्कार.

डिचोलीहून आलेले आपले पत्र दोनदा वाचले. आपली कन्या फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पर्वरीतील इंटर्नशिपमध्ये तिने एका एपीआयचे (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे विनंती पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीचे) डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसे वापरायचे याची माहिती, नव्याने लिहिले आणि आता तिला हेच काम करायचे आहे. आपण मात्र त्याला ‘इंग्रजीतील कारकुनी’ म्हणता आणि ती गेटची, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची, तयारी करीत असल्याचे नातेवाइकांना सांगून मोकळे झाला आहात. मला काळजी वाटते ती याचीच. तिचे गुण उत्तम आहेत, परंतु एवढ्या सविस्तर पत्रात तिने नेमके काय लिहिले आणि तिला ते का आवडले, याविषयी एकही वाक्य नाही. सज्ञान मुलीचा निर्णय तिला न विचारता जाहीर करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

एम.टेक. किंवा सार्वजनिक क्षेत्रातील नोकरी तिला स्वतःला हवी असेल, तर गेट अवश्य द्यावी.

अशी माहिती आता यंत्रच तयार करते, हा आपला समज अर्धाच खरा आहे. ओपनएपीआय या एपीआयचे वर्णन करण्याच्या ठरलेल्या साच्यातून पॅरामीटरांची, म्हणजे विनंतीसोबत द्यायच्या मूल्यांची, यादी आपोआप निघते. पण आधी कोणती विनंती पाठवायची आणि ती फसली तर पुढे काय करायचे, हे त्या यादीवरून कळत नाही. विनंती फसली की उत्तरात एक सांकेतिक क्रमांक येतो: ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४२९ म्हणजे विनंत्या मर्यादेबाहेर गेल्या. तिन्हींना नुसते ‘एरर’ म्हटले, तर वापरणाऱ्याचा दिवस वाया जातो. शिवाय वाचणारे सारखे नसतात. नवख्याला लगेच चालणारे एक उदाहरण हवे असते, अनुभवी माणसाला केवळ एखाद्या पॅरामीटरची कमाल मर्यादा पाहायची असते, कोणी पायथनमध्ये लिहितो तर कोणी जावामध्ये, आणि कोडचे उदाहरण चित्र म्हणून चिकटवले असेल, तर स्क्रीन रीडरवर ऐकत काम करणाऱ्या अंध प्रोग्रामरच्या ते हाती लागत नाही. या सर्वांची अडचण ओळखायची, तर प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून पाहावे लागते. ज्याला कोड कळत नाही, त्याला हे जमणार नाही.

म्हणूनच तिनेही कोड लिहिणे सोडू नये. अशा जागा गोव्यापेक्षा पुणे-बंगळूरुला अधिक आहेत, हेही तिने लक्षात घ्यावे. या सुट्टीत एखाद्या मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पाचे डॉक्युमेंटेशन सुधारून पाठवावे. ते स्वीकारले गेले, तर मुलाखतीत दाखवता येते. आपण त्याआधी तिच्याजवळ बसून तिचे काम तिच्याकडूनच समजावून घ्यावे, आणि तिचा होकार मिळेपर्यंत गेटचा अर्ज भरू नये.