ट्रक-वाहतुकीवर संशोधन करणारे प्राध्यापक नेमकं करतात काय? गोव्यात त्याचा काही उपयोग आहे का?

तुम्ही फोंड्याला वाणिज्य शाखेत शिकता आणि पुढे मालवाहतूक किंवा पुरवठा साखळीवर काम करायचा विचार आहे, असं प्रश्नात लिहिलंय. अमेरिकेतल्या एका संशोधकाचं म्हणणं तुमच्या वाचनात आलं: ट्रकचालक कमी पडत नाहीत, आहेत त्यांचा वेळ वाया जातो. हे त्यांनी शोधलं कसं आणि आपल्याकडे ते लागू पडतं का, हा तुमचा प्रश्न.

मी प्राध्यापक नाही. वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या डिस्पॅचला सात वर्षं काम करते. गाड्या मागवायच्या, भरून घ्यायच्या, कागद हातात देऊन रवाना करायच्या. माझे बाबा खाणीवर टिप्पर चालवायचे. दोन्ही बाजू घरात पाहिल्यात, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही वाचलंत ते बहुधा डेव्हिड कॉरेल यांचं असणार. ते एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या वाहतूक आणि लॉजिस्टिक्स केंद्रातले संशोधक. नोव्हेंबर 2021 मध्ये ते अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेले होते. बंदरांवर कंटेनर तुंबले होते आणि तिथल्या ट्रक मालकांची संघटना 80,000 चालक कमी आहेत म्हणत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. कॉरेल यांनी आकडे मांडले. कायद्याने लांब पल्ल्याच्या चालकाला दिवसाला 11 तास गाडी चालवता येते, प्रत्यक्षात तो सरासरी साडेसहा तासच चालवतो. प्रत्येक चालकाचा चालवण्याचा वेळ रोज फक्त 18 मिनिटांनी वाढला, तरी ती टंचाई भरून निघू शकते.

उरलेले तास जातात कुठे? तिथला नियम बघा. दहा तास विश्रांती घेऊन चालक ड्युटीवर आला की 14 तासांचं घड्याळ सुरू होतं, आणि 11 तास चालवायचं ते या 14 तासांच्या आतच. गोदामाच्या गेटवर चार तास गेले, तरी घड्याळ काही थांबत नाही. चालक बिचारा जागेवर बसलेला आणि त्याचा दिवस संपत चाललेला.

हे कळलं कसं, तर डिसेंबर 2017 पासून तिथे बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांना इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. गाडी कधी हलली, कधी थांबली, सगळं आपोआप नोंदलं जातं. त्याआधी चालक वहीत हाताने लिहायचे आणि ती वही कायद्यात बसेल अशीच भरली जायची. संशोधकाच्या हातात खरे तास पहिल्यांदाच आले. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या मते इथेच आहे. जो वेळ कोणीच मोजत नव्हतं तो मोजायचा, हेच या मंडळींचं मुख्य काम.

दुसरं नाव मायकेल बेल्झर. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ, आणि अभ्यासाकडे वळण्याआधी स्वतः ट्रक चालवलेला माणूस. चालकाला पैसे कशाचे मिळतात, हा त्यांचा विषय. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या चालकाला बहुतेक वेळा मैलावर पैसे मिळतात. चाक फिरलं तर पैसा, गेटवर उभा राहिला तर बऱ्याचदा काहीच नाही. 1938 च्या तिथल्या कामगार कायद्यातल्या ओव्हरटाइमच्या तरतुदीतूनही बहुतेक ट्रकचालक वगळलेले आहेत. त्यात 1980 च्या कायद्याने मालवाहतुकीचे दर आणि परवाने मोकळे केले, कंपन्यांची चढाओढ लागली आणि चालकांचं उत्पन्न घसरत गेलं. जे. बी. हंट या मोठ्या कंपनीने 1997 मध्ये चालकांचा दर सुमारे एक-तृतीयांशाने वाढवला. बेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. नोकरी सोडून जाणारे चालक आणि अपघात, दोन्ही जवळपास निम्म्यावर आले होते. दर बरा मिळाला की अनुभवी माणूस टिकतो, आणि बुडालेला वेळ रस्त्यावर भरून काढायची घाई त्याला राहत नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाबांचीच आठवण आली.

बाबा पिसुर्ल्याच्या बाजूने खनिज भरून आमोण्याच्या जेटीवर टाकायचे. तिथून ते बार्जमधून मांडवीतून मुरगाव बंदरात. पैसे ट्रिपवर. जेटीवर पंचवीस-तीस गाड्यांची रांग असायची आणि त्या रांगेचा पैसा कोणी देत नसे. वजनकाटा बंद पडला तरी नुकसान चालकाचंच. रांगेत दीड तास गेला की तो साखळीच्या रस्त्यावर वसूल व्हायचा. बाबा स्वभावाने शांत, घरी कधी आवाज चढवला नाही. पण दुपारी चार वाजता तिसरी ट्रिप बाकी असलेले बाबा गाडीत वेगळेच असायचे. मी शाळेतून येताना गटाराच्या कडेला दप्तर पोटाशी धरून उभी राहायची, टिप्परांची माळ जाऊ द्यायची आणि मगच रस्ता ओलांडायची. त्यातला एखादा बाबांचा असायचा. आई अंगणापुढच्या रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारायची, तरी तुळशीच्या पानांवर लाल थर बसायचाच.

सावर्डे-कुडचड्यापासून उसगावपर्यंत खाणपट्ट्यात ज्याला विचाराल तो हेच सांगेल. तेव्हा सगळे म्हणायचे, ट्रकवाले माजलेत. मीही मोठी होईपर्यंत थोडंफार तेच मानत होते, याचं आजही वाईट वाटतं. घाई माणसात नव्हती, दरपत्रकात होती. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि टिप्पर अंगणात उभा राहिला, बँकेचा हप्ता मात्र चालूच होता. तो वेगळा विषय आहे, इथे वाढवत नाही.

आता आजचं. आमच्या गेटवर एक रजिस्टर असतं. गाडी नंबर, ट्रान्सपोर्टर, चालकाचं नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक गाडी सकाळी 9:20 ला आत आली आणि संध्याकाळी 5:05 ला बाहेर पडली. माल चढायला लागली 50 मिनिटं. बाकी वेळ चालक गाडीच्या सावलीत पंप-स्टोव्हवर भात शिजवत होता. साताऱ्याकडचा पन्नाशीचा माणूस. चार वाजता खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, चतुर्थीला घरी पोचायचंय, बघा काही होतंय का." तेव्हा त्याचा कागद आमच्याच एका टेबलावर सहीसाठी पडून होता.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरची मागची पानं काढून बसले. एकाही पानावर कोणी आत-बाहेरची वजाबाकी केली नव्हती. वेळा सगळ्या लिहिलेल्या, सह्या जागच्या जागी आणि हिशेब शून्य. म्हणजे कॉरेल यांना यंत्रातून मिळालं ते आपल्याकडे निळ्या पेनाने लिहिलेलं आधीच आहे, फक्त कोणी बेरीज करत नाही.

बेरीज का होत नाही, तर त्या वेळाचा पैसा कोणाच्या खात्यातून जात नाही. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, कागदावर असतं. पण ते मागितलं की पुढचं भाडं दुसऱ्याला जाईल, या भीतीने लहान ट्रान्सपोर्टर तोंड उघडत नाहीत. कायद्यानेही या बाबतीत चालकाला फारसा आधार दिलेला नाही. आपल्या 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने (तो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता) दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. पण त्यातली कामाच्या तासांची व्याख्या वाचा. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तरच धरायचा. जवळपास सात तास नुसत्या बसलेल्या माणसाला ती व्याख्या काय देणार?

थांबणं नेहमी वाईटच असतं असं नाही. वेर्णा स्टेशनवर रो-रो पाहिलीय का? कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 ला सुरू केली, कोलाड ते वेर्णा. भरलेले ट्रक मालगाडीच्या वॅगनवर चढतात, चालक आपल्या केबिनमध्येच झोपून प्रवास करतो. इंजिन बंद, डिझेल वाचलं, घाट टळले आणि माणसाला झोप मिळाली. तिथे चाक फिरत नसलं तरी गाडी पुढे जात असते आणि पोचायची वेळ ठाऊक असते. आमच्या गेटबाहेर चालकाला यातलं काहीच मिळत नाही.

पुढे काय करायचं विचारलंत. मोठं सॉफ्टवेअर नंतर शिका. आधी कुठल्यातरी कारखान्याची परवानगी काढून, वेर्णा असो की कुंडई, गेटवर पंधरा दिवस बसा आणि प्रत्येक गाडीच्या पाच वेळा लिहा: गेटवर आली, आत घेतली, माल चढायला लागला, माल चढून संपला, कागद हातात पडले. सोबत चालकाला विचारा, पैसे ट्रिपवर की महिन्यावर. जेवला कुठे आणि संडासला कुठे गेला हेही विचारा, ते लिहायला लाजू नका. पुस्तकातलं सगळं या पाच वेळांशी जोडून वाचा, मग ते नीट डोक्यात बसेल.

आमच्याकडे सगळ्यात मोठी फट चौथ्या आणि पाचव्या वेळेत निघाली. हमालांना बोल लागायचे, फोर्कलिफ्टला बोल लागायचे, आणि गाडी अडायची बिलाच्या सहीपाशी. मी तो तक्ता साहेबांपुढे ठेवला. तीन आठवडे काही झालं नाही. मग दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांची बिलं आणि ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची, माहिती आदल्या संध्याकाळी तयार ठेवायला लागलो आणि सहीचा अधिकार शिफ्टच्या माणसाला मिळाला. सकाळच्या गाड्या आता बहुतेक दुपारच्या जेवणाआधी निघतात. हॉल्टिंग अजून कोणी मागत नाही. त्यासाठी मी रजिस्टरला एक रकाना वाढवलाय, "एकूण तास", आणि त्या रकान्यापुढे चालकाची सही घेते.