निरंक

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तुझा फोन ठेवला आणि मग झोप लागेना. तुझ्या बॅचच्या मुलामुलींनी वर्गणी काढून तुझ्या प्राथमिक आरोग्य केंद्राला बीपी-शुगरच्या गोळ्या आणि एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनाच्या, वीस व्हायल आणून दिल्या, तालुक्याच्या मासिक सभेत त्याबद्दल तुझं कौतुक झालं, टाळ्या पडल्या. आणि मग अगदी जाता जाता तू म्हणालीस की औषध तुटवड्याच्या रकान्यात फार्मासिस्टने नेहमीसारखं 'निरंक', म्हणजे काहीच तुटवडा नाही, असं लिहून आणलं आणि तू खाली सही केलीस.

तू मला विचारत होतीस वर्गणीबद्दल. अजून किती महिने मागायची, मागताना लाज वाटते, सरकारी सेवेच्या बंधपत्राचं वर्ष संपलं की पुढे काय. मला मात्र त्या सहीबद्दल बोलायचं आहे.

निरंक लिहू नकोस.

तू मनाने चांगली आहेस, गरिबांसाठी तळमळतेस, वगैरे मी लिहीत बसणार नाही. ते गृहीत आहे. तसं नसतं तर तू मला फोन केला नसतास आणि मी उचलला नसता.

1996 साली मी घाटाखालच्या एका केंद्रात होते. भाताचा मुलूख. लावणी सुरू झाली की आठवड्याला दोन-तीन सर्पदंश ठरलेले. वरून येणाऱ्या एएसव्हीच्या व्हायल ऑगस्टपर्यंतही पुरायच्या नाहीत. गावातल्या भातगिरणीच्या मालकाच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण मी केलं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे शब्द टाकायला मला संकोच वाटला नाही. ते दर जूनला पैसे द्यायचे, मी शहरातून व्हायल आणायचे. शासकीय साठ्यात खासगी माल घ्यायचा कसा, असा फार्मासिस्टला प्रश्न पडला. म्हणून त्या फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात राहायच्या आणि त्यांचा हिशेब एका शंभर पानी वहीत. साठा रजिस्टरात काहीच नाही. तुटवडा? निरंक. सही माझी.

तीन वर्षं माझ्या केंद्रातून सर्पदंशाचा एकही पेशंट उपचाराविना परत गेला नाही. मला याचा फार अभिमान होता. आता जिल्ह्याचं भांडार कसं चालतं ते तुला माहीत आहे: मागच्या वर्षांचा वापर बघायचा, सरासरी काढायची, तेवढा पुरवठा मंजूर करायचा. आमचा रजिस्टरातला वापर दर वर्षी कमी दिसत गेला, कारण खरा वापर वहीत होता. तिसऱ्या वर्षी आम्हाला चार व्हायल आल्या. चार! मी हसले. म्हटलं, असू दे, आपलं आहे ना.

मग माझी बदली झाली. गिरणीमालकांची ओळख माझ्याशी होती, केंद्राशी नव्हती. पुढच्या जुलैत चौदा वर्षांच्या मुलाला बांधावर घोणस चावली. नवा डॉक्टर तुझ्याच वयाचा. सुरुवातच दहा व्हायलने करायची आणि फ्रिजमध्ये चार. जीपने घाट चढवेपर्यंत जे व्हायचं ते झालं. नंतर चौकशी झाली, तिच्या अहवालात एक वाक्य होतं: 'सदर संस्थेकडून जादा मागणी प्राप्त नव्हती.' मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. कारण ते माझ्या सहीवर उभं होतं.

आता तू म्हणशील, मॅडम, मग काय करायचं होतं? समोर काळानिळा पाय घेऊन माणूस आलाय, त्याला हात हलवत पाठवायचं? अगं बाई, मी असं कुठे म्हणते! औषध दे. कुठूनही आण आणि दे. पण देणगीचा साठा स्वतंत्र पानावर रीतसर जमा करून घे, आणि केसपेपरवर, रजिस्टरात, मासिक अहवालात लिही: 'शासकीय साठा शून्य, देणगीतून दिले.' पाच शब्द आहेत. ते लिहायला मला तीन वर्षांत सवड झाली नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? खरं सांगायचं तर सवडीचा प्रश्न नव्हताच. 'आमच्याकडे काही कमी नाही' असं सभेत म्हणायला मला आवडायचं.

आरोग्यखर्चातली कपात कधी 'कपात' या नावाने आपल्या दारात येत नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत तो शब्द असलेलं एकही परिपत्रक केंद्रात आलेलं मला आठवत नाही. ती 'पद रिक्त' म्हणून येते, 'कंत्राटी, अकरा महिने' म्हणून येते, 'निधीच्या उपलब्धतेनुसार' म्हणून येते. निविदा डिसेंबरपर्यंत घोळते, पैसे फेब्रुवारीत सुटतात, 31 मार्चला ते समर्पित होतात, म्हणजे न खर्चता परत जातात, आणि पुढच्या वर्षी वरून विचारणा होते की होते तेच खर्चले नाहीत, तर वाढीव कशाला? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्के करू असं लिहिलं होतं. 2021-22 च्या, म्हणजे ऐन कोविडातल्या, राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो 1.84 टक्के निघाला. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला होता. तुझ्या मित्रमैत्रिणींची वर्गणी यातल्या कुठल्या रकान्यात बसते, मला सुचत नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. झालं ते फार चांगलं झालं. केसपेपरला सुटे नाहीत म्हणून रांगेतून निघून जाणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. पण खिडकीत गोळीच नसेल तर मोफत मिळते ती 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी. आणि त्या चिठ्ठीचा कार्बन कोणी ठेवत नाही.

माझी एक वर्गमैत्रीण इंग्लंडात मँचेस्टरजवळ जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होती. तिकडे 1948 पासून सगळ्यांना उपचार मोफत. 2010 नंतर सरकारने हात आखडला आणि दर वर्षीची वाढ पूर्वीच्या मानाने अगदी थोडी राहिली. नव्या इमारती आणि यंत्रांसाठीचा पैसा रोजच्या खर्चाकडे वळवला, म्हाताऱ्यांना घरी सांभाळणाऱ्या सेवांना कात्री लागली, त्यामुळे बरी झालेली माणसंही खाटा अडवून राहू लागली. इमर्जन्सीत आलेल्या 95 टक्के लोकांचं चार तासांत मार्गी लागलं पाहिजे हा त्यांचा नियम. इंग्लंडमध्ये तो जुलै 2015 नंतर पाळला गेलेला नाही. ती फोनवर चिडून बोलायची आणि मला मनात हेवा वाटायचा. कारण हे तिला माहीत होतं! त्यांची प्रतीक्षायादी दर महिन्याला छापली जाते, 2023 च्या सप्टेंबरात ती 77 लाखांच्या वर गेली होती, आणि त्या आकड्यावरून निवडणुकीत भांडता येतं. आपल्याकडे प्रतीक्षायादी नाही म्हणजे कोणी ताटकळत नाही असं थोडंच आहे? आपला माणूस घरी जातो, सावकाराकडे जातो, भगताकडे जातो. तो कुठल्याच कागदावर नसतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर पतिपत्नींनी दारोदार फिरून बालमृत्यू मोजले, तेव्हा कुठे सरकारी आकडा किती तोकडा होता ते उघड झालं.

म्हणून पुन्हा सांगते, निरंक लिहू नकोस.

हे सोपं नाही, हेही ऐक. त्या मुलानंतर मी खरं लिहायला लागले. पहिल्याच वर्षी कारणे दाखवा नोटीस आली: 'इतर केंद्रांत तुटवडा नसताना आपल्याच केंद्रात कसा?' इतर केंद्रांत माझ्यासारख्याच भल्या बाया होत्या, दुसरं काय. गोपनीय अहवाल घसरला. मला 'रजिस्टरवाली बाई' म्हणायचे. माझ्यानंतर लागलेले पुढे गेले, मी 2019 ला होते त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. आमच्या घरात अजून म्हणतात की एवढा ताठा नडला. नडला असेल. हा हट्ट तत्त्वाचा होता की त्या मुलाची फेड होती, मला नक्की सांगता येत नाही. पण माझ्या त्या नंतरच्या केंद्राला माझ्या शेवटच्या चार वर्षांत पावसाळ्यापूर्वी साठ व्हायल यायच्या. सरकारी, रजिस्टरातल्या. माझ्यामागून आलेल्यालाही मिळाल्या, ओळख नसताना. एवढं म्हणायचा हक्क मला आहे.

फार्मासिस्टवर ओरडू नकोस. त्याला तीन केंद्रांचा चार्ज आहे असं तूच म्हणालीस, तेही लिही. 'पद रिक्त, अतिरिक्त कार्यभार' हे नुसतं माहीत असून चालत नाही, दर महिन्याच्या कागदावर यावं लागतं. तुझ्या त्या वीस व्हायल आधी साठ्यावर घे. बॅच नंबर आणि मुदत तपासून घे, देणगीच्या मालात मुदत संपत आलेली असते. वर्गणी मागायची तर माग, लाजू नकोस, पण पावती फाड.

आणि एप्रिल निम्मा झाला. लावणीआधी हातात यायचं तर जादा मागणीपत्र याच आठवड्यात जायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून भागत नाही. कागद स्वतः नेऊन दे, तुझ्या प्रतीवर पोच घे आणि जावक क्रमांक मला कळव.

तुझी,
मॅडम