नागपुरात गाडी चालवताना फोनमधल्या जीपीएसवर किती विश्वास ठेवावा? तो चुकतोय हे कसं ओळखायचं?

आउटर रिंग रोडवर बिनधास्त ठेवा, इतवारी-महालच्या बोळांत जपून. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असतो. दाटीच्या वस्तीत उपग्रहांचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जातो. वर्धा रोडवर अडचण वेगळी आहे: खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. तुम्ही पुलावर आहात की खाली, हे फोनला बरेचदा कळतच नाही, म्हणून तिथे पाट्या वाचा.

पण अचूकता हा अर्धाच भाग झाला. माझ्या मते खरा प्रश्न हा, की यंत्रणा बिघडली तर ती तुम्हाला वेळेत सांगते का? विमानांसाठी ही अट सक्तीची असते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची 'गगन' यंत्रणा जीपीएसच्या चुका सुधारते आणि भरवसा उरला नाही तर काही सेकंदांत इशाराही देते. फोनमधल्या नकाशाकडून अशी हमी मिळत नाही. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ मोठं झालं तर सावध व्हा, पण तोही फक्त अंदाज असतो.

एकाच यंत्रणेवर विसंबू नका. जुलै 2019 मध्ये युरोपची गॅलिलिओ ही जीपीएससारखीच उपग्रह सेवा जवळपास आठवडाभर बंद होती. नवा फोन घेताना जीपीएससोबत गॅलिलिओ, भारताची स्वतःची नाविक यंत्रणा आणि एल5 (उपग्रहांच्या सिग्नलची आणखी एक फ्रिक्वेन्सी) आहे का ते बघा. भिंतींवरून परतलेले सिग्नल एल5 जास्त चांगले वेगळे काढतो.