पीसीबीवरचे (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डावरचे) तांब्याचे ट्रॅक, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या, कसे बनवतात? घरी जमेल का?

जमेल. ग्लॉसी कागदावर ट्रॅकच्या नक्षीची लेझर प्रिंट, कॉपर क्लॅडवर (तांब्याचा थर चिकटवलेल्या बोर्डावर) इस्त्री, म्हणजे प्रिंटचा टोनर तांब्यावर चिकटून त्याला झाकतो, मग उघडं तांबं खाणारं फेरिक क्लोराइड. याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. कारखान्यात टोनरऐवजी अतिनील प्रकाशाने कडक होणारी फिल्म वापरतात आणि भोकांच्या आतूनही तांबं चढवतात; त्या भानगडीत घरी पडू नका. दोन्हीकडे ट्रॅक म्हणजे उरलेलं तांबं. ते आधीच बोर्डभर चिकटवलेलं असतं, नको तेवढं खाऊन टाकायचं.

हे एवढंसं भोसरीतल्या माझ्या जुन्या साहेबांच्या गळी कधी उतरलं नाही. बॅटरी चार्जरचा बोर्ड होता. १० अँपिअरची लाइन, साहेबांनी ट्रॅक ठेवला २ मिमी रुंद. मी ५ मागितले तर म्हणाले, "तांब्याचा भाव माहितीये का?" अहो, तांब्याचे पैसे शीट घेतानाच गेले! ट्रॅक बारीक केला की उलट जास्त तांबं फेरिकमध्ये जातं.

हिशेब करा. तांब्याचा नेहमीचा थर ३५ मायक्रॉन जाड. २ मिमी रुंद, १० सेंमी लांब ट्रॅकचा रोध सुमारे ०.०२५ ओहम, म्हणजे १० अँपिअरला अडीच वॅट नुसती उष्णता. आयपीसीच्या (पीसीबीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) जुन्या सूत्राने ट्रॅकचं तापमान भोवतालच्यापेक्षा ८० अंशांच्या आसपास वर चढतं. त्यावर साहेबांचा तोडगा: "वरून सोल्डर चढवा." सोल्डरचा रोध तांब्याच्या आठ-नऊ पट! त्या ३५ मायक्रॉनची बरोबरी करायलाच ०.३ मिमी जाड सोल्डर लागतं, तेही सगळीकडे सारखं.

उन्हाळ्यात बोर्ड परत आले. तपकिरी पडलेले, ट्रॅक उचकटलेले. खापर कोणावर? सोल्डरिंगला बसणाऱ्या मुलींवर. मीटिंगमध्ये मी हाच हिशेब फळ्यावर लिहिला, तर म्हणे "पुस्तकी".

तेव्हा तुम्ही घरी करताय तर ट्रॅक बिनधास्त रुंद ठेवा, मोकळी जागा ग्राउंडला जोडलेल्या तांब्याने भरा. फेरिकही कमी खर्ची पडतं. ऑटोराउटर (ट्रॅक आपोआप आखणारं सॉफ्टवेअर) जो ट्रॅक देतो तो तसाच घेऊ नका, आणि "चालतंय की" म्हणणाऱ्या सीनियरला आधी वॅट काढून दाखवायला सांगा.

हां, २३० व्होल्टच्या भागात मात्र रुंदीपेक्षा दोन ट्रॅकमधलं अंतर महत्त्वाचं, तिथे मोकळी जागा अशी तांब्याने भरू नका. आणि वापरलेलं फेरिक मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं.