जर्मनीत फायनान्स शिकायला यायचंय? आधी भाषेचं बघ भावा

भावा, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपायच्या आधी परत दोनदा वाचला. बी.कॉम. झालंय, पाच वर्षं पतसंस्थेत कर्ज विभागात आहेस, आता जर्मनीत फायनान्समध्ये मास्टर्स करायचंय, कोर्स इंग्रजीत आहे म्हणून भाषेचं टेन्शन नाही, बायको आणि लहान मुलगी मागनं येणार, आणि घरचे त्यासाठी शेत तारण ठेवायला तयार आहेत. नोकरी लागती का आणि एकटं वाटतं का, असं विचारलंयस. पतसंस्था आणि शेत सोडलं तर ही सगळी माझीच गोष्ट आहे. मी २०१३ ला आलो तेव्हा पोरगं चार महिन्यांचं होतं आणि कोर्स इंग्रजीत आहे म्हणून भाषेचं टेन्शन नाही हेच वाक्य मी आप्पांना म्हटलेलं. म्हणून लिहितोय.

व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), एपीएस (आपली डिग्री खरी आहे का ते तपासून देतात ते सर्टिफिकेट) हे सगळं जर्मन दूतावासाच्या साइटवर नीट दिलंय, ते वाच. तिथं जे कळत नाही ते मार्कांचं. आपला फर्स्ट क्लास इथं आल्यावर उलटा होतो. १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे कसाबसा पास. शंभरातनं तुझे टक्के वजा कर, पासिंग ४० असेल तर ६० नं भाग, ३ नं गुण आणि १ मिळव. ६० टक्केवाल्याचे ३.० होतात, ७० वाल्याचे २.५, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या २.५ किंवा त्याहून चांगलेच बघतात. दुसरं म्हणजे क्रेडिट. फायनान्सच्या मास्टर्सला ते आधीच्या डिग्रीत गणित, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स किती झालं ते मोजतात, आणि आपल्या बी.कॉम.मध्ये अकाउंट्स, ऑडिट, टॅक्स भरपूर, पण इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीनं इकॉनॉमिक्स तपासायचा विषय, नावालाही नाही. एजंट हे सांगत नाही, त्याला फी तर आधीच मिळालेली असते. एकेका पेपरचा सिलॅबस सही-शिक्क्यानं आत्ताच काढून ठेव. मला तेवढ्या एका कामासाठी कॉलेजात चार हेलपाटे पडले होते.

आता नोकरी. फायनान्स शिकलो म्हणजे बँकेत मोठ्या डील करायच्या असं आपल्याला वाटतं. इथं गिऱ्हाइकासमोर बसायचं काम, कंपन्यांची खरेदी-विक्री, कारखान्यांना कर्ज देणं, हे सगळं जर्मनमध्ये चालतं. कारखान्यांमधलं कंट्रोलिंग, म्हणजे खर्चाचा आणि बजेटचा हिशोब, त्यात जागा लई असतात पण तेही जर्मनमध्ये, आणि ऑडिटला गेलास तर इथला अकाउंटिंगचा कायदाच जर्मनमध्ये. इंग्रजीवर भागतं ते रिस्कमध्ये, म्हणजे धोका मोजायच्या कामात, त्याची गणिती मॉडेलं बनवण्यात, डेटामध्ये, थोडं मनी लाँडरिंग रोखायच्या कामात. युरोपियन सेंट्रल बँक फ्रँकफुर्टातच आहे, युरोपची नवीन अँटी मनी लाँडरिंग संस्थाही तिथंच आलीय, तिथं इंग्रजी चालतं, पण तिथं युरोपभरातनं अर्ज येतात, त्यामुळं ते एकच धरून येऊ नको.

मी क्रेडिट रिस्कमध्ये आहे. आयएफआरएस ९ म्हणून हिशोबाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, २०१८ पासून लागू झाला. आधी कर्ज बुडाल्याची लक्षणं दिसली की मग तरतूद करायचे. आता कर्ज दिलं त्या दिवसापासून, पुढच्या १२ महिन्यांत ते बुडायची शक्यता किती आणि बुडालं तर किती जाईल, हे धरून पैसे बाजूला काढायचे. हप्ता ३० दिवस थकला की साधारण वरच्या, म्हणजे जास्त धोक्याच्या टप्प्यात टाकायचं आणि मग कर्ज फिटेपर्यंतच्या सगळ्या मुदतीचा तोटा धरायचा. ९० दिवस थकलं की डिफॉल्ट. हे ९० दिवस तुला मी सांगायला नको, तुझ्या पतसंस्थेत रोज तेच बघत असशील. म्हणून सांगतो, ती पाच वर्षं सीव्हीत एका ओळीत दाबू नको. सोनेतारणाला सोन्याची किंमत कशी धरता, उसाचं बिल लांबलं की कुणाचे हप्ते थकतात, जामीनदाराला कधी गाठता, हे सगळं लिही. आमचे आप्पा कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, त्यांना मी माझं काम समजावलं तर म्हणाले, म्हणजे उधारी कुणाला द्यायची तेच की. बरोबर तेच आहे. पायथन आणि एसक्यूएल या कॉम्प्युटरच्या भाषा शिकायला सहा महिने लागतात, माणूस वाचायला तुझी पाच वर्षं गेलीत.

एकटं वाटतं का, तर वाटतं. होते सवय.

नाही, तेवढ्यावर सोडत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पूर आला तेव्हा कुंभार गल्लीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. माझं रेसिडन्स कार्ड नूतनीकरणाला दिलेलं, नोकरी बदलली होती म्हणून. मी राहतो त्या गावातल्या ऑफिसनं तीन महिन्यांनंतरची तारीख दिलेली आणि मधल्या काळासाठी जो तात्पुरता कागद मिळतो तोही दिला नव्हता. नऊ मेल केले, एकाला उत्तर आलं, आपला अर्ज विचाराधीन आहे. त्या कागदाशिवाय बाहेर पडलो असतो तर परत येता आलं नसतं. मग मी इथं बसून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होतो. धोक्याची ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. आई-आप्पांना शेजारच्या पोरांनी बाहेर काढलं, त्यांची नावं मी अजून घेतो. सगळे म्हणतात, हायवेच बंद होता, आला असतास तरी पुण्यात अडकला असतास. असतो की अडकलो, पण पुण्यात अडकलो असतो. पाणी उतरत होतं त्याच दिवसांत पोराची पहिली सुरू झाली. इथं पहिल्या दिवशी पोरांच्या हातात खाऊ भरलेला मोठा कागदी शंकू देतात. त्या फोटोत मी हसतोय.

आणि आता त्या पोराचंच सांगतो, कारण तुला मुलगी आहे. इथं बऱ्याच राज्यांत चौथीनंतर पोरांना वेगवेगळ्या शाळांत वाटून टाकतात. गिम्नाझियम म्हणजे सरळ युनिव्हर्सिटीकडं, रियालशूल म्हणजे दहावी करून पुढं कामधंद्याचं शिक्षण. बाईंनी बोलावलं, वीस मिनिटांची मीटिंग. म्हणाल्या गणित चांगलं आहे, पण जर्मन लिहिताना मागं पडतो, घरी जर्मन बोलता का? मी अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या जर्मनमध्ये उत्तर दिलं. त्यांनी रियालशूल सुचवलं आणि मी मान हलवली. सहा महिन्यांनी ऑफिसातल्या एका तुर्की बाईनं सांगितलं की आमच्या हेसन राज्यात शेवटचा शब्द आईबापाचा असतो, शिफारस झाली तरी तुम्ही गिम्नाझियम मागू शकता. शाळेनं दिलेल्या पत्रात ते होतं, दुसऱ्या पानावर. मी दिवसभर लोकांच्या कर्जाच्या करारातली एकेक अट वाचतो आणि ते पत्र मी मोबाईलवर भाषांतर करून वरवर बघितलं होतं. बाईंनी तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हा राग आहेच. पण दहा वर्षं झाली होती मला इथं येऊन. ऑफिस इंग्रजीत, मित्र मराठी, गरजच पडली नाही म्हणायचो, आणि माझी ती गरज पोराच्या डोक्यावर जाऊन पडली.

शेजारचा त्याचा दोस्त गिम्नाझियमला गेला. सकाळी दोघं एकाच स्टॉपवर उभे राहायचे आणि वेगळ्या बसमध्ये चढायचे. मी खिडकीतनं बघायचो. वाट बंद झालेली नाही, रियालशूलनंतर चांगले मार्क असले की वरती जाता येतं, बायको मला तेच सांगते आणि पोरगं खुशालही आहे. खिडकीशी उभं राहायचं मात्र मी सोडलं.

तर शेत तारण ठेवायच्या आधी एक वर्ष थांब आणि पतसंस्था न सोडता जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत कर. नुसतं सर्टिफिकेट नको, फोनवर भांडता आलं पाहिजे इतकं. बायकोलाही बसव क्लासला, ती आली की डॉक्टर, शाळा सगळं तिच्यावरच पडणार, आमच्याकडं तसंच झालं. वर्षभरात जर्मन नकोशी झाली तर शेत तरी मोकळं राहील. आणि कर्ज घेतलंस तर शिकत असतानाही व्याज चढतं, ते तुला माहीतच आहे, तू दुसऱ्यांना तेच समजावत असशील.

मार्कलिस्ट टाक इथं, मी हिशोब करून सांगतो. आणि मुलगी नक्की किती वर्षांची आहे ते लिहायचं राहिलंय तुझं.